आखातात कोण जिंकणार? आधी आपल्या घराचा हिशेब पाहू

२३ जून २०२५ च्या रात्री इराणने कतारमधल्या अल-उदेद या अमेरिकी हवाई तळावर क्षेपणास्त्रे डागली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या आठवीच्या वर्गात एक मुलगा बाकावर डोके टेकवून झोपला होता. शाळा सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. उठवले तर म्हणाला, "सर, अम्मी रात्रभर फोन घेऊन बसली होती. अब्बांचा मेसेज फज्रच्या वेळी आला." त्याचे अब्बा दोह्यात एसी दुरुस्तीचे काम करतात. आम्ही वर्गाला विचारले, कोणाकोणाचे अब्बा, भाई किंवा मामू आखातात आहेत? अर्ध्याहून जास्त हात वर झाले. कोकणातल्या उर्दू शाळेत यात नवल काही नाही.

आम्हाला १९९० आठवले. ऑगस्टमध्ये सद्दाम हुसेनचे सैन्य कुवेतमध्ये घुसले तेव्हा आम्ही चौथीत होतो आणि अब्बा कुवेतला होते. दीड महिना ना पत्र, ना फोन. दादी दर संध्याकाळी रेडिओवरच्या बातम्या लावायला सांगायची आणि ऐकताना मध्येच उठून जायची. शेवटी अब्बा बसने इराक ओलांडून जॉर्डनच्या अम्मानला पोहोचले आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. त्या वेळी सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना असे परत आणले गेले. अब्बांच्या हातात एक पिशवी होती, बाकी सगळे तिथेच राहिले. दोन वर्षांनी ते पुन्हा गेले, कारण घराचा स्लॅब अर्धवट राहिला होता आणि गावात काम नव्हते.

मधे ३५ वर्षे गेली. घरे पक्की झाली, मुली पदवीपर्यंत शिकल्या, दारात गाड्या आल्या. पण मोठ्या देशांचे भांडण पेटले की खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धनच्या घरांत रात्र जागून काढावी लागते, हे काही बदललेले नाही. ते का बदलले नाही, हाच आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

गटांवर चाललेली चर्चा

जून महिन्यात आपल्या व्हॉट्सॲप गटांवर काय चालले होते ते आठवा. कोणी म्हणत होते आता अमेरिकेचा सूर्य मावळला. कोणी म्हणत होते चीन येईल आणि सगळे सरळ करील. कोणी क्षेपणास्त्रांची नावे पाठ करून टाकत होते. गझ्झामध्ये जे झाले ते पाहून मन पेटते, आणि पेटलेच पाहिजे. जुलमाविरुद्ध बोलू नका असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की जुलमाविरुद्ध उभे राहणे आणि एका महासत्तेच्या जागी दुसरीची वाट पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डावे विचार म्हटले की आपल्यातल्या बऱ्याच जणांना धर्माचा प्रश्न आधी आठवतो. आम्ही कुठल्या पक्षाचे नाही. पण डाव्या विचारवंतांकडून एक सवय आम्ही घेतली आहे, आणि ती शिक्षकाच्या कामाला उपयोगी पडते. कुठलीही मोठी बातमी आली की विचारायचे: यात श्रम कोणाचे, नफा कोणाचा आणि नुकसान कोणाच्या घरी जाते? एंगल्सने १८८४ साली कुटुंब, खाजगी मालमत्ता आणि राज्यसंस्था या तिघांवर एकत्र पुस्तक लिहिले, ते यासाठीच. घर ही खाजगी बाब आहे असे आपण म्हणतो. पण घरात कोण राहील, कोण दूर जाईल आणि कधी परत येईल, हे बाहेरचा बाजार ठरवतो. आखाताच्या बाबतीत तर हे रुपये-पैशांत मोजून दाखवता येते.

तेल, डॉलर आणि आपला ड्राफ्ट

१४ फेब्रुवारी १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदीचे राजे अब्दुल अझीझ यांची सुएझ कालव्यातल्या ग्रेट बिटर सरोवरात एका युद्धनौकेवर भेट झाली. तेल आणि संरक्षण यांचा तो संबंध पुढे वाढत गेला. १९७३ च्या अरब-इस्राईल युद्धानंतर अरब देशांनी अमेरिकेचे तेल रोखले आणि काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाला. आखातात पैशाचा पूर आला. रस्ते, बंदरे, विमानतळ, इमारती बांधायला माणसे हवी होती. मुंबई बंदरावर आणि जहाजांवर खलाशी म्हणून राबलेल्या कोकणातल्या घरांतली पुढची पिढी तिकडे निघाली.

त्या तेलाच्या पैशाचे काय झाले? मोठा भाग अमेरिकी सरकारच्या कर्जरोख्यांत आणि अमेरिकी शस्त्रांत परत गेला. १९७४ पासून सौदी आणि अमेरिकेने याची नीट घडी बसवली. बहुतेक आखाती चलने डॉलरला बांधली गेली. दिरहम आजही एका डॉलरला ३.६७२५ आणि सौदी रियाल ३.७५ या भावावर स्थिर आहे.

याचा अर्थ घरच्या भाषेत असा. डॉलर ६० रुपये असताना दिरहमचे साधारण १६ रुपये मिळत. डॉलर ८५ झाला की त्याच दिरहमचे २३ होतात. गावात आपण म्हणतो, "या महिन्यात रेट चांगला आहे, आत्ताच पाठव." पण तिकडे पगार तेवढाच राहतो. इकडे रुपया पडला की आयात केलेले तेल आणि गॅस महागतो, त्यामागून सिमेंट-सळई आणि वाण्याचे बिल वाढते. रेटमध्ये मिळालेले बरेचसे बाजारात जाते. त्यात आपला देश स्वयंपाकाचा निम्म्याहून जास्त गॅस आयात करतो आणि त्यातला बहुतेक आखातातून, होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येतो. म्हणजे अब्बांचा पगार आणि अम्मीचा सिलिंडर, दोन्ही त्या एकाच पट्टीवर टांगलेले आहेत.

भावाच्या लढाईचेही तसेच. २०१४ मध्ये अमेरिकेत खडकातून काढलेले शेल तेल वाढले. ओपेकने, म्हणजे मुख्यतः सौदीने, उत्पादन कमी करायला नकार दिला. शंभर डॉलरच्या वर असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली आला. दोन बड्यांनी एकमेकांना दमवण्याचा हा खेळ होता. दमले कोण? सौदीतल्या बड्या बांधकाम कंपन्यांनी महिनोन् महिने पगार दिले नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात हजारो भारतीय कामगार जेद्दाहच्या कॅम्पांत अन्नाला मोताद झाले आणि केंद्रीय राज्यमंत्र्यांना तिकडे जावे लागले. शेल तेल म्हणजे काय हे त्यांतल्या कितींना माहीत असेल?

लागलीच दुसरा तडाखा आला. तेलाचे उत्पन्न घटले म्हणून सौदी सरकारने जुलै २०१७ पासून परदेशी कामगारांच्या कुटुंबीयांवर माणशी महिना १०० रियाल शुल्क लावले. ते दरवर्षी १०० ने वाढत २०२० मध्ये ४०० वर गेले. बायको आणि तीन मुले असतील तर महिन्याला १,६०० रियाल, तेही आगाऊ. ज्यांना परवडले नाही त्यांनी कुटुंब घरी पाठवले. त्या काळात आमच्या शाळेत अध्या-मध्याच्या महिन्यांत दाखले यायचे. दम्माम, रियाध, जेद्दाह. मुलांना इंग्रजी येई, थोडी अरबीही येई, मराठीची अक्षरे मात्र येत नसत. वडील तिकडे एकटे, मुले इकडे नव्या वर्गात एकटी. तेलाच्या भावाने घर दुभंगते ते असे.

कुटुंब सोबत असणे हा हक्क की पगाराची पायरी?

संयुक्त अरब अमिरातीत कुटुंब आणायचे तर महिन्याला किमान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहायला जागा. ज्याला १,२०० किंवा १,५०० मिळतात, त्या गवंड्याला, हेल्परला, सफाई कामगाराला बायकोसोबत राहण्याचा अधिकारच नाही. हा काही धर्माचा किंवा संस्कृतीचा नियम नाही, हा मजुरीचा नियम आहे. एकटा माणूस कॅम्पमधल्या खोलीत सहा-आठ जणांत राहू शकतो, म्हणून त्याला कमी पगारात ठेवता येते. कुटुंब आले तर घर, शाळा, दवाखाना, सगळेच आले, आणि पगारही त्याप्रमाणे द्यावा लागला असता.

मग ते घर, ती शाळा, तो दवाखाना कोण चालवते? आपल्या गावातली बाई चालवते. ज्या माणसाला आखात २२ व्या वर्षी तयार स्थितीत घेते, त्याला वाढवण्याचा खर्च कोणी केला? त्याच्या आईने, जिल्हा परिषदेच्या शाळेने, तालुक्याच्या सरकारी दवाखान्याने. पंचावन्न-साठीला साखर आणि कंबरदुखी घेऊन तो परत येतो तेव्हा त्याला सांभाळते कोण? बायको आणि सून. कंपनी नोकरी संपल्यावर ग्रॅच्युइटी देते. अमिरातीत ती पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या आणि पुढे ३० दिवसांच्या मूळ पगाराइतकी असते. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवला की ग्रॅच्युइटीही कमी. पेन्शन नाही. म्हणजे माणसाची मधली तीस वर्षे आखात वापरते आणि दोन्ही टोकांचा खर्च कोकणातले घर उचलते. बुर्जांची उंची मोजताना हा खर्च कोणीच धरत नाही.

एक हिशेब आम्ही वर्गातही करून पाहिला. दोन वर्षांनी दोन महिने सुट्टी धरली तर पंधरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला वडिलांचे पंधरा महिने येतात. मुलांनी हा आकडा फळ्यावरून उतरवून घेतला आणि कोणी काही बोलले नाही.

पालकसभेला आमच्याकडे बायकाच येतात. बँक त्या करतात, गवंड्याशी भाव त्या ठरवतात, सासूला चिपळूणला डॉक्टरकडे नेतात, जमिनीच्या वादात तलाठ्याकडे जातात. तरी फॉर्मवर 'कुटुंबप्रमुख' म्हणून नाव लिहिताना मुले दोह्यातल्या किंवा शारजातल्या माणसाचे नाव लिहितात. घर बहुतेक वेळा फक्त पतीच्या नावावर असते. कामाचे ओझे सगळे तिचे आणि कागदावर ती कुठेच नाही. परदेशातल्या शोषणाबद्दल बोलताना घरातल्या या गोष्टीवरही बोलले पाहिजे, नाहीतर आपले बोलणे अर्धे राहील.

मालक बदलला तर काय बदलेल?

आता चीनचा मुद्दा. आखातात चीनचे वजन वाढले आहे यात शंका नाही. सौदीचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार आज चीन आहे. १० मार्च २०२३ रोजी सौदी आणि इराणचा समेट बीजिंगमध्ये झाला. दोन शेजाऱ्यांचे भांडण मिटले तर आपण खूशच होऊ. दुसरीकडे मे २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प रियाध, दोहा आणि अबुधाबीला जाऊन आले, आणि सौदीने अमेरिकेत ६०० अब्ज डॉलर गुंतवण्याचा शब्द दिला. आखाती राजे दोन्ही दुकानांत उधारी ठेवून आहेत, आणि त्यांच्या बाजूने पाहिले तर ते शहाणपणाचेच आहे.

पण कामगाराच्या बाजूने पहा. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना लुसेल स्टेडियमवर झाला. आराखडा ब्रिटिश वास्तुरचनाकारांचा होता. बांधकाम चीनची सरकारी कंपनी आणि कतारची कंपनी यांनी मिळून केले. कतारच्या वाळवंटात राबणारे हात मात्र मुख्यतः भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातले. चिनी कंपनी आली म्हणून कामगाराला बायको-मुले आणता आली का? अमेरिकी तळ आहे म्हणून कॅम्पमध्ये लोकशाही आली का? कफाला या शब्दाचा मूळ अर्थ जामीन घेणे, जबाबदारी उचलणे असा आहे. आखातात त्याचा अर्थ पासपोर्ट कफीलच्या कपाटात असा झाला. अमेरिका असो की चीन, या व्यवस्थेवर दोघांचीही कामे सुरळीत चालली.

थोडाफार बदल झाला तो कामगारांच्या संपांमुळे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनांच्या दबावामुळे आणि जगाचे लक्ष गेल्यामुळे. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या परवानगीची अट काढली आणि मार्च २०२१ पासून सर्व देशांच्या कामगारांना १,००० रियाल किमान वेतन लागू केले. ते पुरेसे नाही, अंमलबजावणीतही खोट आहे. पण ते मिळाले मागणी करून. कुठल्या महासत्तेने ते बक्षीस दिलेले नाही.

आणि आपले सरकार? सप्टेंबर २०२० मध्ये, कोविडच्या काळात, भारत सरकारने आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी ठरवलेले किमान वेतन ३० ते ५० टक्क्यांनी खाली आणले. अमिराती, कतार, ओमान, बहरीनसाठी ते महिना २०० डॉलर झाले. कारण असे की आपले कामगार इतरांपेक्षा महाग पडू नयेत. तेलंगणात लोक हायकोर्टात गेले, ओरड झाली आणि २०२१ मध्ये हा निर्णय मागे घ्यावा लागला. नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तान आणि आपण, सगळे स्वतःच्या माणसाला स्वस्तात विकण्याच्या शर्यतीत असू, तर पलीकडे खरेदीदार कोणीही असला तरी भाव तोच देणार.

आपण काय करू शकतो?

आखातात जाऊ नका, असे सांगणे सोपे आहे आणि खोटेपणाचेही आहे. आमचे स्वतःचे शिक्षण कुवेतच्या पैशावर झाले. गावातल्या शाळेच्या दोन खोल्या, मदरशाची विहीर, रुग्णवाहिका, सगळे त्याच कमाईतून उभे राहिले. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात ११८.७ अब्ज डॉलर आले. त्यात सहा आखाती देशांचा वाटा सुमारे ३८ टक्के होता, जो २०१६-१७ मध्ये ४७ टक्क्यांच्या आसपास होता. राज्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा, २०.५ टक्के, अगदी केरळपेक्षाही थोडा जास्त. त्यात मुंबई-पुण्याच्या घरांना अमेरिकेतून येणारा पैसाही आहे. पण केरळमध्ये १९९८ पासून दर काही वर्षांनी स्थलांतराची पाहणी होते, प्रवासी कामगारांसाठी कल्याण मंडळ आहे, पेन्शन योजना आहे. केंद्राने २०१२ मध्ये अशा कामगारांसाठी पेन्शन-विम्याची योजना काढली होती, ती २०१७ मध्ये बंद झाली. आपल्या तालुक्यातून किती माणसे कुठल्या देशात आहेत, हे ग्रामपंचायतीला विचारून पहा. उत्तर मिळाले तर आम्हालाही कळवा.

शिक्षक म्हणून एक गोष्ट खास सांगायची आहे. दहावी पास न झालेल्याला आखातात जाताना सरकारची परवानगी आणि नोंदणी लागते. त्यातच प्रवासी भारतीय विमा योजना येते. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपयांत १० लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. दहावी पास झाला की पासपोर्टवरची ही अट निघते आणि माणूस नोंदणीतूनही निघून जातो. आम्ही मुलांना दहावी पास करण्यासाठी जिवाचे रान करतो, ते बरोबरच आहे. पण १२ जून २०२४ रोजी कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागून सुमारे ४५ भारतीय गेले, तसा प्रसंग आला तर दहावी-बारावी पास मुलाच्या घरच्यांच्या हातात कुठला कागद असेल? १९८३ च्या स्थलांतर कायद्याच्या जागी नवा कायदा आणण्याची चर्चा सुरू आहे. शिकलेला असो वा नसो, परदेशी जाणाऱ्या प्रत्येक कामगाराची नोंद आणि विमा त्यात असावा, हे आपल्या आमदार-खासदारांना लेखी सांगायला हवे. हे फक्त मुसलमानांचे काम नाही. आपल्या शेजारच्या वाडीतले कुणबी आणि भंडारी मुलगेही त्याच एजंटाकडून जातात आणि त्याच कॅम्पात राहतात. सोबत गेलो तर ऐकले जाईल.

घरात करण्यासारख्या गोष्टी त्याहून सोप्या आहेत. घराच्या कागदावर बायकोचे नाव लावा. करारपत्राची प्रत घरी ठेवा आणि त्यात मूळ पगार किती लिहिला आहे ते वाचा. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. कायद्याने तो ३० हजार रुपये आणि जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो. गावात लाख-दीड लाख मोजले जातात आणि वर 'हेच चालते' असे सांगितले जाते. ते पैसे फेडायलाच पहिले वर्ष जाते.

आणि एक विनंती जमातींना. पुढच्या सभेत एक वही घेऊन बसा. गावातला कोण, कुठल्या देशात, कुठल्या कंपनीत, पासपोर्ट कोणाच्या ताब्यात, विमा आहे की नाही, घरी संपर्क कोणाशी करायचा. एवढी यादी करा आणि घरातल्या बाईकडूनच लिहून घ्या, कारण तिलाच सगळे माहीत असते. पुन्हा एखाद्या रात्री आखातात आकाश बंद झाले, तर निदान कोणाला फोन लावायचा हे गावाला ठाऊक असेल. आमच्या आठवीच्या मुलांनी वर्गापुरती ही यादी सुरू केली आहे. तिच्यात पहिले नाव बाकावर झोपलेल्या त्या मुलाच्या अब्बांचे आहे.